वादळाच्या रेषांवर उजेड कसा पाडतात?

१७ मे २०२१ ला तौक्ते चक्रीवादळ वसई-विरारसमोरच्या समुद्रातून गुजरातकडे सरकलं, तेव्हा तुमच्यापैकी अनेकांनी फोनवर वाऱ्याच्या गरगरणाऱ्या रेषा पाहिल्या असतील. त्या सपाट असतात. वादळात हवा कुठे वर चढते, कुठे खाली उतरते, ते त्यांत दिसत नाही.

म्हणून शास्त्रज्ञ तोच वारा थ्रीडीमध्ये काढतात. पण हजारो रेषा एकाच रंगात काढल्या की नुसता गुंता होतो! रेषा कुठे वळली ते कळायला उजेड-सावली हवी. भिंतीवरचा उजेड मोजणं सोपं, कारण भिंतीचं तोंड एका बाजूला असतं. रेषेला जाडीच नाही, मग तिचं तोंड कुठे?

१९८९ मध्ये कजिया आणि के यांनी टेडी बेअरची लव काढताना युक्ती केली: फक्त रेषा आणि प्रकाश यांच्यातला कोन बघायचा. काटकोन असेल तर रेषा लख्ख, प्रकाशाच्याच दिशेत असेल तर काळी. जाळ्याचा नायलॉन धागा उन्हात फिरवून बघा, साधारण तसंच.

१९९६ मध्ये बर्लिनच्या झुझे इन्स्टिट्यूटमधल्या त्सॉकलर, श्टालिंग आणि हेगे यांनी हे प्रवाहाच्या रेषांना लावलं. उजेडाची उत्तरं आधीच एका टेक्स्चरमध्ये भरून ठेवली. ग्राफिक्स हार्डवेअरने ती नुसती उचलायची, त्यामुळे चित्र हातासरशी फिरवता येऊ लागलं.

एक मात्र लक्षात ठेवा, अशा चित्रात रेषा चमकली म्हणजे तिथे वारा जोरात आहे असं नाही. ती फक्त प्रकाशाला आडवी आहे. वेग दाखवायचा तर रंग वेगळा द्यावा लागतो.