टाकून दिलेली मासळी

ज्याच्या घरांत मासा कधीं शिजला नाहीं, त्यानें मासेमारीवर लेख लिहावयास बसावें याचें कित्येक वाचकांस हंसूं येईल. येऊं द्यावें. माझ्या नोकरीचीं एकवीस वर्षें दापोली तालुक्यांतील एका शाळेंत गेलीं, आणि हर्णै बंदरावरून येणारीं कोळ्यांचीं मुलें माझ्यापुढें बसून पंचतंत्रांतील तीन मत्स्यांची गोष्ट शिकलीं. संकट येण्यापूर्वीं तजवीज करणारा अनागतविधाता, आल्यावर युक्ति काढणारा प्रत्युत्पन्नमति, आणि व्हावयाचें तें होईल म्हणून स्वस्थ राहणारा यद्भविष्य. गोष्ट संपल्यावर एका मुलानें विचारलें, "गुरुजी, माशांत असे तीन प्रकार, तसे कोळ्यांतही असतात काय?" वर्ग हंसला, मीही हंसलों, आणि उत्तर द्यावयाचें राहून गेलें.

तो मुलगा पुढें अभियंता झाला. खनिज तेलाच्या धंद्यांतील नोकरीनिमित्त तो स्कॉटलंडमध्यें ॲबरडीन शहरीं असतो. त्याचा थोरला भाऊ मात्र वडिलांची होडी हर्णैसच चालवितो. गेल्या वर्षीं सुटींत आला असतां तो मुद्दाम आमच्या घरीं आला व ओसरीवर बसून त्यानें एक हकीकत सांगितली. ॲबरडीनच्या उत्तरेस पीटरहेड हें मासळीचें मोठें बंदर आहे. तेथील एका वृद्ध तांडेलाशीं त्याचा परिचय झाला होता. त्या म्हाताऱ्यानें सांगितलें कीं, आयुष्यांतील कित्येक वर्षें आम्हीं उत्तम, विकण्याजोगा कॉड मासा मेलेल्या स्थितींत फावड्यानें परत समुद्रांत लोटला. बंदरावर आणला असता तर दंड झाला असता. माझी सून कारवारकडील सारस्वत घराण्यांतली आहे. ती आंतून ऐकत होती, ती दारांत येऊन उभी राहिली. "खाण्याजोगी मासळी टाकली? आणि तीही सरकारच्या हुकमानें?" तिला तें खरेंच वाटेना. खरें सांगावयाचें तर मलाही वाटलें नाहीं. पण जातां जातां तो मुलगा म्हणाला, "आपल्याकडेही कोटा आणावा असें हल्लीं कांहीं जण बोलतात. भाऊ मला विचारतो, चांगलें कीं वाईट? मी त्याला काय सांगूं?" एका प्रश्नाचें उत्तर मीं पूर्वीं बुडविलें होतें. दुसरें बुडविणें बरें दिसेना, म्हणून मिळेल तें वाचून काढलें.

एकत्र कुटुंबांत तुपाची बरणी एकच असते आणि वाढणारे हात अनेक असतात. वडीलधाऱ्याचें लक्ष नसेल तर बरणी महिना पुरत नाहीं. समुद्राला तर वडीलधारा कोणीच नाहीं. म्हणून कोट्याची कल्पना निघाली. माशांच्या एकेका जातीचा एकेका समुद्रभागांत किती सांठा आहे, याचा अदमास शास्त्रज्ञ घेतात. युरोपांत हें काम १९०२ सालीं स्थापन झालेली आणि कोपनहेगन येथें कचेरी असलेली आंतरराष्ट्रीय परिषद करते. त्यावरून पुढील वर्षीं किती टन धरावे हें ठरतें आणि तो आंकडा देशादेशांत वांटला जातो. युरोपीय राष्ट्रांनीं ही पद्धति १९८३ सालीं पत्करली. वांटणीचें प्रमाण बहुतेक १९७३ ते १९७८ या वर्षांत कोणी किती मासळी धरली होती त्यावरून बांधलें गेलें, आणि तेंच मोठ्या अंशीं अजून चालू आहे. दर डिसेंबरांत ब्रुसेल्स शहरीं मंत्र्यांची बैठक भरते, रात्र रात्र घासाघीस चालते, आणि शास्त्रज्ञांनीं सुचविलेल्याहून मोठा आंकडा पदरांत पाडून मंत्री घरीं परततात, असा अनेक वर्षांचा प्रघात होता.

कोटा नको म्हणणाऱ्यांनीं न्यूफाउंडलंडकडे पाहावें. तेथील कॉडचा सांठा इतका ढासळला कीं २ जुलै १९९२ रोजीं कॅनडा सरकारला ती मासेमारीच बंद करावी लागली. सुमारें तीस हजार माणसांचा रोजगार गेला. बंदी उठावयास २०२४ साल उजाडलें, आणि तेव्हांही मर्यादित प्रमाणांतच मासेमारी सुरू झाली. अर्थात् तेथेंही कोटे होतेच. ते सांठ्याच्या मानानें फार मोठे होते.

आतां पीटरहेडच्या म्हाताऱ्याचें दुःख कळेल. कोट्याची मोजदाद बंदरावर उतरलेल्या मासळीची होत असे. जाळ्यांत आलेल्या मासळीची नव्हे. उत्तर समुद्रांत कॉड, हॅडॉक व व्हायटिंग या जाती एकाच पाण्यांत वावरतात. तळावरून ओढलें जाणारें जाळें ज्याला त्याला विचारून आंत घेत नाहीं. हॅडॉकचा कोटा शिल्लक आहे आणि कॉडचा संपला आहे, अशा वेळीं तांडेलानें जाळें टाकलें तर दोन्ही वर येणार. कॉड बंदरावर आणणें हा गुन्हा; समुद्रांत टाकून देणें मात्र कायदेशीर! बरें, टाकलेला मासा जगतो म्हणावें तर तसेंही नाहीं. खोल पाण्यांतून एकदम वर ओढल्यानें त्याच्या पोटांतील वाताशय फुगतो, कित्येकदां फुटतो, आणि तो पाण्यांत पडतो तो बहुधा मेलेलाच असतो. शिवाय ठराविक लांबीहून लहान मासा आणण्यास बंदी होती, म्हणून तोही टाकावयाचा. आणि कांहीं तांडेल याच्याही पुढें जात. कोटा थोडा असल्यामुळें त्यांत मोठे, अधिक भावाचे मासेच बसावेत म्हणून मध्यम आकाराचे चांगले मासे ते आपण होऊन फेंकीत. ह्या शेवटच्या प्रकाराचा दोष कायद्यावर सर्वस्वीं ढकलतां येणार नाहीं. परंतु लोभाला सोईस्कर दार कायद्यानेंच उघडून दिलें होतें, हेंही खरें.

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषि संघटनेनें २०१९ सालीं प्रसिद्ध केलेल्या अदमासाप्रमाणें जगभर दरसाल सुमारें ९१ लक्ष टन मासळी अशी समुद्रांत टाकली जात होती. शेंकडा प्रमाण काढलें तर तें पकडीच्या सुमारें अकरा पडतें. त्यांतील ४२ लक्ष टन एकट्या तळ खरवडणाऱ्या जाळ्यांचें होतें. आमच्याकडे ताटांत भाताचीं चार शितें राहिलीं तर आजी डोळे वटारीत असे.

ब्रिटनमध्यें ह्यू फर्नली-व्हिटिंगस्टॉल नांवाच्या एका पाककुशल गृहस्थानें जानेवारी २०११ मध्यें हा प्रकार दूरचित्रवाणीवर लोकांना प्रत्यक्ष दाखविला. मरून पडलेले कॉड फेंकले जातांना पाहून लोक चवताळले आणि आठ लक्षांहून अधिक सह्या जमल्या. त्या वेळीं युरोपच्या मासेमारी खात्याच्या प्रमुख ग्रीसच्या मारिया दमनाकी होत्या. त्यांनींही सुधारणेची बाजू नेटानें लढविली. डिसेंबर २०१३ मध्यें नवा कायदा झाला. जें पकडाल तें सारें बंदरावर आणा, तें सारें कोट्यांत मोजूं, असें त्याचें सार. थव्यानें फिरणाऱ्या हेरिंग-मॅकरेल यांसारख्या जातींस तो १ जानेवारी २०१५ पासून लागला, आणि टप्प्याटप्प्यानें १ जानेवारी २०१९ पासून कोट्यांतील सर्व जातींस. लहान मासे आणावयाचे, पण ते माणसांच्या थेट खाण्यासाठीं विकावयाचे नाहींत. त्यांचें पीठ करावें, तेल काढावें. असें न केलें तर लहान माशांचाच बाजार बसेल, ही भीति होती आणि ती रास्त होती.

येथवर वाचून मला समाधान वाटलें. पण पुढें वाचतां दुसराच पेंच दिसला. समजा, होडीला हॅडॉक शंभर टन आणि कॉड पांच टन असा कोटा आहे. पांच टन कॉड दोन महिन्यांत भरला, तर हॅडॉक पाण्यांत असूनही होडी वर्षाचे उरलेले महिने बांधून ठेवावी लागते. कर्जाचे हप्ते आणि खलाशांचीं घरें मात्र थांबत नाहींत. तेव्हां भर समुद्रांत, जेथें कोणी पाहावयास नाहीं, तेथें कॉड गुपचुप पाण्यांत जाणार हें उघड आहे. ब्रिटिश उमराव-सभेच्या एका समितीनें २०१९ सालीं चौकशी केली, तेव्हां नवा कायदा प्रत्यक्षांत पाळला जात असल्याचें तिला फारसें दिसलें नाहीं. स्कॉटलंडनें २००९ पासून निराळा प्रयोग केला होता. जी होडी आपल्या डेकवर कॅमेरे बसवूं देईल आणि पकडलेला सर्व कॉड मोजून देईल, तिला कोटा थोडा वाढवून मिळे. मला ही युक्ति शाळेंतल्यासारखी वाटली. प्रामाणिक मुलाला अधिक सवलत! पण आपल्या कामावर अष्टौप्रहर डोळा रोखलेला कोणाला आवडेल?

नॉर्वेचें उदाहरण मात्र मला मनापासून पटलें. त्या देशानें कॉड व हॅडॉक फेंकण्यास १९८७ सालींच बंदी घातली. पण बंदी घालून तो स्वस्थ बसला नाहीं. एखाद्या भागांत लहान मासे फार येऊं लागले कीं तो भाग तात्काळ बंद करतात आणि होड्यांनीं दुसरीकडे जावयाचें. कोट्याबाहेरची मासळी आणणाऱ्यास नफा मिळत नाहीं. तरी आणण्याचा खर्च भागेल इतका अंश पदरीं पडतो. म्हणजे प्रामाणिकपणा लाभदायक नसला तरी परवडतो. शिवाय तेथील नॉर्डमोर किनाऱ्यावरील एका कोळ्यानेंच एक साधन शोधलें. कोळंबीच्या जाळ्यांत शिरणारे जेलीफिश बाहेर जावेत म्हणून त्यानें जाळ्यांत गजांची तिरकस चौकट बसविली. कोळंबी गजांमधून मागें जाते, मोठे जीव वरच्या भोकांतून निसटतात. पुढें तीच चौकट माशांचीं पिलें वांचविण्यासाठीं सरकारनें सक्तीची केली.

आमच्या देशांत अशी वांटणी नाहीं. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी एकसष्ट दिवसांची बंदी आहे, आणि महाराष्ट्र शासनानें २०२३ मध्यें ५४ जातींच्या माशांची किमान लांबी ठरविली आहे. ठराविक दिवस मासे न मारण्याची कल्पना आपल्याला परकी नाहीं. अशोकाच्या पांचव्या स्तंभलेखांत चातुर्मास्याच्या पौर्णिमा व इतर नेमल्या दिवशीं मासे मारूं नयेत व विकूंही नयेत असा स्पष्ट हुकूम आहे. आपल्याकडील हलकी मासळी समुद्रांत फेंकण्याऐवजीं पुष्कळदां किनाऱ्यावर येते आणि पिठाच्या कारखान्यांत जाते. नासाडी दिसत नाहीं एवढेंच. पापलेटाचीं पिलें त्यांतही असतात.

इतकें वाचून मीं ॲबरडीनला पत्र लिहिलें. कोटा वाईट नाहीं, पण तो किनाऱ्यावर मोजला तर समुद्र फसतो, आणि समुद्रांत मोजावयास माणूस मिळत नाहीं. आपल्याकडे एका जाळ्यांत तीस-चाळीस जाती येतात. तेव्हां जातवार कोट्याची घाई करण्यापूर्वीं जाळें सुधारावें आणि लहान मासळीचीं ठिकाणें वेळेवर बंद करावींत, असें माझें मत कळविलें. मास्तराचें मत, त्याची किंमत तेवढीच समजावी, असेंही लिहिलें.

त्याच्या भावाला पत्र वाचून दाखविल्यावर तो नारळी पौर्णिमेनंतर स्वतःच येऊन गेला. त्यानें जाळ्याचा शेवटचा भाग, ज्याला ते लोक खोला म्हणतात, तो मोठ्या आसाचा करून घेतला आहे. शेजारच्या होड्यांनीं केलेला नाहीं. पहिल्या महिन्यांत त्याला इतरांपेक्षां मासळी कमी मिळाली. "दिवाळीपर्यंत बघतों, गुरुजी," असें म्हणून तो उठला. सुनेनें त्याला चहा दिला आणि पापलेट किती इंच झाल्यावर घ्यावें हें त्याच्याकडून नीट विचारून घेतलें.