कुलवृत्तांत कोठें ठेवावा?

२६ जुलै २००५ चा पाऊस सांताक्रूझकरांना विसरतां येणें शक्य नाहीं. दुसऱ्या दिवशीं सकाळीं साडेआठपर्यंतच्या चोवीस तासांत येथील वेधशाळेंत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. पुष्कळ तळमजल्यांवर पाणी शिरलें. गाद्या व भांडीं पुन्हां घेतां आलीं. परंतु कपाटाच्या खालच्या खणांतील जन्मपत्रिका, जुनीं पत्रें, कुलवृत्तांतासाठीं जमविलेल्या नोंदी यांचा जेथें लगदा झाला, तेथें ती हानि कायमचीच ठरली. मौज अशी कीं, त्याच चोवीस तासांत कुलाब्याच्या वेधशाळेंत अवघा सुमारें ७४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या कागदांची एक प्रत कुलाब्यास असती, तर ती कोरडी राहिली असती!

‘व्यवस्थापित क्लाउड डॉक्युमेंट डेटाबेस’ या लांबलचक नांवाच्या सेवेचा मुख्य लाभ याच विचारांत आहे. क्लाउड म्हणजे ढग खरा. पण हा ढग आकाशांत नसून दुसऱ्याच्या इमारतींतील संगणकांचा असतो. ॲमेझॉन कंपनीनें अशीं केंद्रें मुंबई विभागांत २०१६ सालीं सुरू केलीं.

आतां ‘डॉक्युमेंट’ म्हणजे काय तें पाहूं. रकाने आंखलेल्या वहींत प्रत्येक व्यक्तीस तेच रकाने मिळतात. पण घराण्यांतील एक जण दत्तक गेलेला, दुसरा नोकरीनिमित्त तीन देश फिरलेला, तिसरीचीं माहेरचें व सासरचें अशीं दोन्ही नांवें हवींत. मग कोठें रकाना रिकामा राहतो, तर कोठें अपुरा पडतो. या पद्धतींत प्रत्येकाचा स्वतंत्र कागद असून त्यावर ज्याचीं त्याचीं कलमें लिहितां येतात. तरीही ‘मूळ गांव गुहागर असलेल्यांची यादी’ मागितली, तर ती क्षणांत मिळते.

‘व्यवस्थापित’ या शब्दाचा अर्थ असा कीं, यंत्र बिघडल्यास बदलणें, जागा वाढविणें, दुरुस्त्या करणें हीं कामें कंपनीचीं माणसें पाहतात. ॲमेझॉनची डॉक्युमेंटडीबी ही सेवा मजकुराच्या सहा प्रती तीन निरनिराळ्या केंद्रसमूहांत ठेवते. मोंगोडीबी ॲटलास या सेवेंत निदान तीन यंत्रांवर प्रती असतात व प्रमुख यंत्र बंद पडल्यास उरलेलीं यंत्रें आपसांत नवा प्रमुख निवडतात.

तथापि येथें एक सावधगिरी हवी. कोणी चुकून आजोबांचा कागद पुसला, तर तो साऱ्याच प्रतींतून पुसला जातो! त्यासाठीं मागील स्थितीस परत जाण्याची सोय निराळी असते. डॉक्युमेंटडीबींत ती १ पासून ३५ दिवसांपर्यंत ठेवतां येते. आपण कांहींच न ठरविल्यास एकच दिवस मिळतो. शिवाय परवलीचा शब्द एकट्या भाच्यापाशीं असूं नये, आणि दरमहाचें बिल कोणी भरावयाचें तेंही आधींच ठरावें. कंपनी यंत्रें सांभाळते. घराण्याची जबाबदारी मात्र घराण्याकडेच राहते.

चाळीस-पन्नास नांवांच्या कुटुंबास एवढा खटाटोप नको. एक वही व तिची बहिणीच्या घरीं ठेवलेली प्रत पुरे. परंतु ज्या कुलमंडळाचीं हजारों माणसें देशोदेशीं पांगलीं आहेत व निरनिराळ्या गांवांहून एकाच वेळीं नोंदी करूं इच्छितात, त्यांनीं घरांतील एखाद्या जाणत्या मुलास किंवा मुलीस हें काम अवश्य सांगावें. डेटाबेसवर योग्य ते पडदे व अर्ज रचण्यास असें माणूस लागतेंच.

मात्र आजीच्या स्मरणांत जें आहे, तें कोणीतरी शेजारीं बसून लिहून घेतल्यावांचून कोणत्याही केंद्रांत पोंचत नाहीं. तें काम येत्या पावसाळ्यापूर्वीं हातीं घ्यावें, आणि पहिलें पान लिहून होतांच त्याची दुसरी प्रत दुसऱ्या ठिकाणीं पाठवावी.