मालक बदलला तरी रान राहावे म्हणून

खासगी रान बहुधा राखणाऱ्याच्या हयातीपुरतेच टिकते. पुढे वारस वाटणी मागतात, नाही तर गिऱ्हाईक येते. यावर न्यूझीलंडने काढलेला तोडगा मला अभ्यासण्याजोगा वाटतो. तेथे १९७७च्या कायद्याने 'क्वीन एलिझाबेथ द सेकंड नॅशनल ट्रस्ट' स्थापन झाला. जमीनमालक आपल्या रानासाठी त्याच्याशी करार करतो. जमीन त्याचीच राहते, विकताही येते. पण करार मालकीच्या नोंदीवर चढतो आणि पुढच्या प्रत्येक मालकाला बांधतो. सातबाऱ्यावरचा न फिटणारा बोजाच म्हणा! कोरोमंडल भागातल्या एका नव्या मालकाने तो काढून टाकायची मागणी केली. २०१८मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने करारच उचलून धरला.

अशा बहुतेक रानांत मालकाला विचारूनच जावे लागते. बँक्स द्वीपकल्पावरचे हिनेवाई मात्र पायी फिरणाऱ्यांना खुले आहे. ते एका न्यासाच्या मालकीचे. न्यासाला वाटणी मागणारे वारस नसतात. १९८७मध्ये तिथे १०९ हेक्टरांवर काम सुरू झाले. वनस्पतिशास्त्रज्ञ ह्यू विल्सन यांनी 'गॉर्स' हे विलायती काटेरी झुडूप तोडलेच नाही, तेव्हा आसपासच्या शेतकऱ्यांना ते वेडेपण वाटले. पण त्याच्याच सावलीत देशी रोपे वाढली, वर गेली आणि उजेडावाचून गॉर्स मेले.

आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २००२च्या दुरुस्तीने 'सामुदायिक राखीव क्षेत्र' आले. त्यासाठी खासगी मालकही स्वेच्छेने जमीन देऊ शकतो. नंतर तिचा वापर त्याला एकट्याला बदलता येत नाही. व्यवस्थापन समितीचा ठराव आणि राज्य शासनाची मान्यता मिळाली, तर मात्र तो बदलतो. मला ही फट मोठी वाटते.