लेसोथो : उसनं आणलं, आपलं केलं

मार्च 2025 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष तिथल्या संसदेपुढे बोलत होते. बोलता बोलता त्यांनी लेसोथोचा उल्लेख केला आणि म्हणाले, या देशाचं नावही कुणी ऐकलेलं नाही. सभागृहात हशा पिकला. लेसोथोच्या लोकांना ते लागलं. लागणारच. आपल्या गावाचं नाव कुणी हसण्यावारी नेलं तर आपल्यालाही लागतं.

आता खरं सांगायचं, तर आपल्याकडेही हे नाव फारसं कानावर पडत नाही. नकाशात दक्षिण आफ्रिका शोधा. तिच्या पोटात, थोडा उजवीकडे, एक लहानसा तुकडा वेगळ्या रंगात दिसेल. तोच लेसोथो. चारी बाजूंनी एकाच देशाने वेढलेले असे जगात तीनच देश आहेत. व्हॅटिकन आणि सान मारिनो हे दोन इटलीच्या पोटात, आणि तिसरा हा. क्षेत्रफळ सुमारे 30 हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राचा दहावा हिस्सा. वस्ती साधारण 23 लाख. समुद्र नाही, पण उंची भरपूर. या देशातली सगळ्यात सखल जागा आपल्या महाबळेश्वराच्या बरोबरीची आहे आणि सगळ्यात उंच शिखर, थाबाना न्त्लेन्याना, 3,482 मीटर, म्हणजे कळसूबाईच्या दुपटीहून जास्त. जून ते ऑगस्ट तिथला हिवाळा. आपल्याकडे छत्र्या उघडतात तेव्हा तिथल्या डोंगरांवर बर्फ पडतं.

देशाच्या नावाचं व्याकरण मजेदार आहे. शब्दाचं मूळ एकच, पुढचं अक्षर तेवढं बदलतं. देश लेसोथो, एक माणूस मोसोथो, अनेक माणसं बासोथो आणि भाषा सेसोथो. तिथले लोक स्वतः बोलतात तेव्हा 'लेसोथो' हे 'लेसुथु'सारखं ऐकू येतं. आणखी एक गंमत म्हणजे लिहिताना 'लि' लिहितात, पण उच्चार 'दि' करतात. त्यामुळे रस्त्यात भेटलेला माणूस नमस्कार करतो तो 'दुमेला' असा, आणि पाटीवर तोच शब्द 'लुमेला' दिसतो.

या देशात फिरताना पाहुण्याच्या डोळ्यांत भरतं ते सगळं अगदी अस्सल, अनादी वाटतं. अंगावर घोंगडी पांघरलेला घोडेस्वार, निळ्या छापील कापडाचा घोळदार झगा घातलेली बाई, ताटात मक्याच्या पिठाचा गोळा, कुठून तरी ऐकू येणारं अ‍ॅकॉर्डियन. आणि यातली जवळजवळ प्रत्येक वस्तू बाहेरून आलेली आहे. ती त्यांची कशी झाली, हे समजलं की लेसोथो समजू लागतो.

सुरुवात माणसांपासून करू, कारण माणसंही बाहेरूनच आली. 1820 च्या दशकात दक्षिण आफ्रिकेच्या त्या भागात लढाया, दुष्काळ आणि पळापळ यांनी हाहाकार उडाला होता. कुळंच्या कुळं उद्ध्वस्त झाली. त्या काळात मोश्वेश्वे नावाचा एक तरुण सरदार 1824 मध्ये आपली माणसं घेऊन थाबा बोसिऊ या सपाट माथ्याच्या डोंगरावर गेला. थाबा बोसिऊ म्हणजे रात्रीचा डोंगर. जो कुणी आसरा मागत आला, त्याला त्याने ठेवून घेतलं, गुरं सांभाळायला दिली, दुधावर हक्क दिला. वाटेत त्याच्या आजोबांना नरभक्षकांनी मारून खाल्लं होतं. ती माणसं हाती लागली, तेव्हा लोकांनी सूड मागितला. मोश्वेश्वेने सांगितलं, ही माणसं माझ्या आजोबांची समाधी आहेत, समाधी उकरायची नसते. त्याने त्यांच्यावर शुद्धीचा विधी केला आणि त्यांना वसवलं. पुढे 1831 मध्ये चालून आलेली न्देबेले फौज हरून परत निघाली, तेव्हा वाटेत उपाशी राहू नये म्हणून त्याने त्यांच्यामागे गुरं पाठवली, असंही सांगतात. अशा आसऱ्याला आलेल्या माणसांचं राष्ट्र झालं, त्याचं नाव बासोथो.

पुढे गोऱ्या बोअर शेतकऱ्यांशी लढाया झाल्या. पश्चिमेकडची सुपीक जमीन गेली, उरले ते डोंगर. उरलंसुरलंही जाऊ नये म्हणून मोश्वेश्वेने ब्रिटिशांचं संरक्षण मागितलं आणि ते 1868 मध्ये मिळालं. त्यामुळेच 1910 मध्ये दक्षिण आफ्रिकेचं एकीकरण झालं तेव्हा हा तुकडा वेगळा राहिला, आणि 4 ऑक्टोबर 1966 ला स्वतंत्र देश झाला. आज तिथे लोकनियुक्त सरकार आहे आणि मोश्वेश्वेच्याच वंशातले लेत्सिए तिसरे हे राजे आहेत.

आता घोंगडीकडे येऊ. पूर्वी बासोथो लोक जनावरांची कातडी पांघरत. 1860 च्या सुमारास एका ब्रिटिश व्यापाऱ्याने मोश्वेश्वेला लोकरी घोंगडी भेट दिली. राजाने ती पांघरली, प्रजेला आवडली, आणि कातडी मागे पडली. घोंगड्या इंग्लंडात विणल्या जात. त्यांवर जे उभे पट्टे दिसतात, ती मुळात विणकामातली चूक होती असं सांगतात. लोकांना तीच आवडली आणि ती नक्षी म्हणून कायम राहिली. पट्टे उभे ठेवूनच घोंगडी पांघरायची, कारण उभा पट्टा म्हणजे वाढ. कणसाची नक्षी म्हणजे भरभराट. पुरुष ती खांद्याशी अडकवतो, बाई छातीशी. मुलग्याच्या दीक्षाविधीआधी एक, विधीनंतर दुसरी. पहिलं मूल झालं की नवऱ्याने बायकोला घोंगडी द्यायची. जन्मापासून मातीपर्यंत ती सोबत असते. आणि ही राष्ट्रीय घोंगडी आजही प्रामुख्याने शेजारच्या दक्षिण आफ्रिकेतल्या गिरणीत विणली जाते. त्याने तिचं बासोथोपण तसूभरही कमी होत नाही.

तीच गोष्ट घोड्याची. डच लोकांनी 17 व्या शतकात जावा बेटावरून केपमध्ये घोडे आणले. त्यांचे वंशज 1830 च्या आसपास या डोंगरांत पोहोचले. थंडी, चढ आणि खडकाळ वाटा यांनी त्यांना बुटकं, काटक आणि पक्क्या पायाचं केलं. आज 'बासोथो पोनी' ही जगाने मानलेली जात आहे. निळ्या छापील कापडाचंही तसंच. ते युरोपातून आलं, फ्रेंच मिशनऱ्यांनी ते राजाला दिलं असं सांगतात, आणि त्याला नाव पडलं 'सेश्वेश्वे', राजाच्या नावावरून. बाहेरून न आलेली ठळक गोष्ट म्हणजे गवताची शंकूच्या आकाराची टोपी, मोकोरोत्लो. थाबा बोसिऊजवळच्या एका सुळक्यावरून तिचा आकार घेतला असं मानतात. 2006 पासून ती देशाच्या झेंड्यावर आहे.

जेवणाचं सांगायचं तर मराठी माणसाला तिथे फारसं परकं वाटणार नाही. रोजचं अन्न म्हणजे 'पापा'. उकळत्या पाण्यात मक्याचं पीठ घालून ते घट्ट होईपर्यंत घोटायचं. आपल्या उकडीची मोठी बहीण म्हणा. सोबत 'मोरोहो', म्हणजे बारीक चिरून थोड्या तेलमिठावर शिजवलेली पालेभाजी. हाताने पापाचा घास मोडायचा आणि भाजीला लावून खायचा. ही तिथली भाजी-भाकरी. मका अमेरिका खंडातून आला. त्याआधीचं तिथलं धान्य कोणतं? ज्वारी! पिठात पाणी घालून ते आंबवायचं आणि शिजवून पातळ पेय करायचं, त्याला 'मोतोहो' म्हणतात. आपल्या आंबिलीचीच आंबट चव. 'दिखोबे' म्हणजे शिजवलेलं अख्खं धान्य, म्हणजे घुगऱ्याच. ज्वारी आणि घेवड्याच्या दाण्यांचं 'न्येक्वे' होतं. रस्त्याकडेला 'माक्वेन्या' मिळतात, पिठाचे तळलेले गोळे.

ज्वारीच्या घरगुती बिअरचं नाव 'ज्वाला' आहे. पिणारे म्हणतील, नाव बरोबर आहे! ती कुठल्या घरी मिळते हे पाटी लावून सांगत नाहीत. घरापुढे काठीला कापड बांधतात. पांढरं फडकं असेल तर ज्वारीची बिअर, पिवळं असेल तर मक्याची, हिरवं असेल तर भाजी आणि लाल असेल तर मांस. वाचता न येणाऱ्यालाही कळणारी ही बाजारपेठ आहे.

भाषेतही हाच व्यवहार दिसतो. वडीलधाऱ्या पुरुषाला 'न्ताते' म्हणजे बाबा आणि बाईला 'म्मे' म्हणजे आई म्हणायचं, मग ओळख असो वा नसो. बरोबरीच्याला 'आबुती' आणि 'आउसी', म्हणजे भाऊ आणि ताई. हे शेवटचे दोन शब्द चक्क बोअरांच्या आफ्रिकान्स भाषेतून आले आहेत. ज्यांनी जमीन घेतली, त्यांच्याकडून भाऊ-बहीण घेतले. आपल्याकडचा शेतकरी 'माझी जमीन' म्हणतो, तेव्हा त्यातला जमीन हा शब्द फारसी आहे हे त्याच्या ध्यानीमनीही नसतं. नसायलाच हवं. वापरून वापरून झिजलेली वस्तू घरचीच असते.

लिपी फ्रेंच मिशनऱ्यांनी आणली. ते 1833 मध्ये आले, तेही मोश्वेश्वेच्या बोलावण्यावरून. मोरिजा गावी छापखाना झाला. 1863 मध्ये सेसोथोतलं वर्तमानपत्र सुरू झालं. त्याच छापखान्यात काम केलेल्या थॉमस मोफोलो यांची पहिली कादंबरी 1907 मध्ये पुस्तकरूपात आली, आणि 1925 ची त्यांची 'चाका' आफ्रिकेतल्या थोर कादंबऱ्यांत गणली जाते. परक्या अक्षरांतून आपली गोष्ट सांगितली गेली ती अशी. आपल्या बाजूचाही एक धागा इथे आहे. 1895 मध्ये डर्बनला गेलेले सूफीसाहेब मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातले. लेसोथोच्या उत्तरेला बुथा-बुथे गावात जुनी मशीद आहे, ती त्यांच्या नावाशी जोडलेली आहे. तिथले भारतीय दुकानदार पिढ्यान्‌पिढ्या सेसोथो बोलत आले आहेत.

इतकं सगळं आत आलं. पण बाहेर काय गेलं, हेही सांगायला हवं, नाहीतर चित्र पुसट राहील.

आधी माणसं गेली. 1980 च्या दशकात लाखाहून अधिक बासोथो पुरुष दक्षिण आफ्रिकेच्या खाणींत राबत होते. वाटेवर आणि खाणीच्या वस्तीत त्यांनी लांबलचक गाणी रचली, त्यांना 'दिफेला' म्हणतात. प्रवास, घरची आठवण, खाणीतला अंधार, सगळं त्यात. ही गाणी चढाओढीनेही म्हणत. 1990 नंतर खाणींतलं काम आटत गेलं आणि माणसं परतली, अनेकजण छातीचे आजार घेऊन. मग घर चालवायला बाया कापड कारखान्यांत गेल्या. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या जीन्स त्या शिवतात. ज्या अध्यक्षांनी या देशाचं नाव ऐकलं नव्हतं, त्यांनीच एप्रिल 2025 मध्ये लेसोथोच्या मालावर 50 टक्के आयातशुल्क जाहीर केलं. पुढे ऑगस्टमध्ये ते 15 टक्क्यांवर आलं, पण मधल्या काळात मागणी थांबली आणि नोकऱ्या गेल्या.

दुसरं जातं ते पाणी. 1986 च्या करारानुसार डोंगरातल्या नद्या अडवून बोगद्यांतून पाणी जोहान्सबर्गच्या परिसराला दिलं जातं. त्यासाठी बांधलेलं कात्से धरण 185 मीटर उंच आहे. पाण्याचा मोबदला देशाला मिळतो, वीजही तयार होते. पण धरणात गायरानं आणि शेतं बुडाली, आणि जुलै 2024 मध्ये अवर्षणामुळे सरकारला अन्नटंचाईची आपत्ती जाहीर करावी लागली. धरण आणि तहान शेजारी शेजारी राहू शकतात, हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. या देशाचं बोधवाक्य आहे 'खोत्सो, पुला, नाला', म्हणजे शांतता, पाऊस, समृद्धी. पावसाला मधली जागा दिली आहे ती उगीच नाही. सभेत भाषण आवडलं की लोक ओरडतात, 'पुला!' पाऊस पडो!

जायचं असेल तर जोहान्सबर्गहून राजधानी मासेरूला विमान आहे, रस्ताही आहे. तिथून डोंगरात शिरलं की एक घाट लागतो, त्याचं नाव 'मोदिमो न्थुसे', म्हणजे देवा, मला मदत कर. नावावरून चढाचा अंदाज यावा. दक्षिणेला सेमोनकोंगजवळ 192 मीटरांचा मालेत्सुन्याने धबधबा आहे. सेमोनकोंग म्हणजे धुराची जागा, तुषार धुरासारखे वर येतात म्हणून. उंच भागात पोनीवरून हिंडायची सोय आहे. गरम कपडे उन्हाळ्यातही न्यावेत, हवा तासाभरात फिरते.

वाटेत गुरं राखणारी मुलं भेटतील, अंगावर घोंगडी, हातात काठी. यातली पुष्कळ मुलं शाळेत गेलेली नसतात, म्हणून या देशात बाया पुरुषांपेक्षा जास्त शिकलेल्या आहेत. त्यांचा फोटो सुंदर येतो. पण कॅमेरा काढण्याआधी थांबून 'दुमेला, आबुती' म्हणावं. दुमेला म्हणायला कुणाची ओळख लागत नाही, आणि त्याचं उत्तर आल्याशिवाय राहत नाही.