केंद्रकाबाहेरचा कारखाना

जुझेप्पे ग्वार्निएरी या इटालियन संशोधकाने १८९२ साली सशाच्या डोळ्याच्या पारपटलात देवीची लस टोचली आणि तिथल्या पेशी रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. केंद्रकांच्या शेजारी गडद ठिपके दिसले. हेच देवीचे परजीवी, असं मानून त्याने त्यांचं बारसंही उरकलं. ते परजीवी नव्हते. पण बोट योग्य जागी पडलं होतं. देवीच्या कुळातले विषाणू आपला डीएनए घडवतात ते याच ठिपक्यांत. आजचे विषाणुतज्ज्ञ त्यांना सरळ ‘कारखाने’ म्हणतात.

डीएनएवाले बहुतेक विषाणू पेशीत शिरले की केंद्रक गाठतात. हर्पिसचं तसंच, अ‍ॅडेनोविषाणूचंही तसंच. डीएनए वाचण्याची आणि त्याच्या प्रती काढण्याची आयती यंत्रणा तिथेच असते ना! देवी, एमपॉक्स, गुरांचा लम्पी हे कुळ मात्र पेशीद्रवातच मुक्काम ठोकतं. मग हत्यारं स्वतःची आणावी लागतात. व्हॅक्सिनिया, म्हणजे देवीच्या लशीतला विषाणू, आपल्या गाभ्यात आरएनए पॉलिमरेज हे विकर भरूनच येतो. हे १९६७ साली उघड झालं. तोवर विषाणूच्या पोटात असलं काही सापडलं नव्हतं. त्याच्या जोरावर शिरल्या शिरल्या सुरुवातीची जनुकं वाचली जातात आणि डीएनए पॉलिमरेजसह पुढची अवजारं तयार होतात.

एका पेशीत असे कारखाने किती? जॉन केर्न्सने १९६० साली याचं सुरेख उत्तर दिलं. डीएनएत सामावणारं किरणोत्सारी थायमिडीन त्याने पेशींना दिलं आणि फिल्मवर त्याचे ठसे घेतले. आत शिरलेला प्रत्येक विषाणू आपापला वेगळा ठिपका मांडतो, असं त्यात दिसलं. पुढे ठिपके वाढतात, एकमेकांत मिसळतात.

संसर्गानंतर दोनेक तासांत डीएनएचं काम सुरू होतं. व्हॅक्सिनियाचा जीनोम सुमारे १,९०,००० बेस-जोड्यांचा, सरळ धाग्यासारखा. पण दोन्ही टोकांना त्याचे पदर एकमेकांत वळलेले, त्यामुळे सुटं टोक कुठेच नाही. प्रती निघतात त्या एकमेकींना चिकटलेल्या, लांबच लांब माळेत. विषाणूचंच एक विकर ती माळ नेमक्या जागी कापतं. एका पेशीत अशा सुमारे दहा हजार प्रती होतात, आणि नव्या विषाणूंत भरल्या जातात त्यातल्या निम्म्याच. इतकी नासाडी त्याला परवडते, हे मला नेहमी चकित करतं.

या काळात पेशीच्याच आंतर्द्रव्यजालिकेची पटलं कारखान्याभोवती कुंपण घालतात. नव्या कणांची जुळणी सुरू झाली की ते कुंपण विस्कटतं. रायबोझोमही आत येऊन प्रथिनं बनवत असल्याचं २००७ साली दिसलं.

उघड्यावर राहण्यात धोका मोठा. पेशीद्रवात डीएनए सापडणं ही पेशीच्या लेखी घुसखोरीची खूण. सीजीएएस नावाचं प्रथिन असा डीएनए हुडकतं आणि धोक्याची खबर देणारा एक छोटा रेणू बनवतं. व्हॅक्सिनियाकडे त्यावरही तोड आहे. २०१९ साली ओळखलं गेलेलं ‘पॉक्सिन’ हे त्याचं विकर तो रेणूच तोडून टाकतं.

या विषाणूच्या स्वावलंबनाचं कौतुक पाठ्यपुस्तकांत जरा जास्तच होतं, असं माझं मत. केंद्रक काढून टाकलेल्या पेशीतही तो डीएनए बनवतो, हे १९७१ साली दाखवलं गेलं. पण त्या पेशींत पूर्ण विषाणू काही तयार होईनात. रायबोझोम तर तो पेशीचेच वापरतो. डीएनएचे तुकडे सांधणारं लायगेज त्याच्याकडे आहे. त्याचं जनुक काढून टाकलं, की तो पेशीचं लायगेज कारखान्यात ओढून आणतो.

औषधं या साखळीला वेगवेगळ्या ठिकाणी अडवतात. क्षयरोगावरचं रिफॅम्पिसिन डीएनएचं काम चालू ठेवतं, पण नव्या कणांचं आवरण बांधू देत नाही. औषध धुऊन टाकलं की काही मिनिटांत बांधकाम पुन्हा सुरू! त्यासाठी मात्रा मात्र जिवाणूंच्या मानाने फारच मोठी लागते, म्हणून ते प्रयोगशाळेपुरतंच राहिलं. सिडोफोव्हिर थेट डीएनए पॉलिमरेजला अडवतं. अमेरिकेत २०१८ साली देवीसाठी मान्यता मिळालेलं टेकोव्हिरिमॅट कारखान्याला हातच लावत नाही. तयार विषाणूंना बाहेरचं वेष्टण चढू देत नाही, म्हणजे त्यांना शेजारच्या पेशींपर्यंत पसरणं जड जातं. काँगोत एमपॉक्सच्या रुग्णांवर त्याची चाचणी झाली. २०२४ साली निकाल आला: ते घेणाऱ्यांचे फोड काही लवकर बरे झाले नाहीत.