इतवारीतल्या बाळांवर नजर कुणाची?

पाळणाघराचा कायदा मोजतो ती आस्थापनेतली माणसं. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, 2017 नुसार 50 किंवा अधिक कामगार असतील तिथे पाळणाघर बंधनकारक. मातृत्व लाभ कायद्यातल्या 2017 च्या दुरुस्तीचा आकडाही तोच, शिवाय आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाण्याची मुभा. नागपूरच्या इतवारीतल्या कापडाच्या, किराण्याच्या ठोक दुकानांत इतकी माणसं क्वचितच. पण याच राज्य कायद्यात एक दार उघडं आहे: अनेक आस्थापनांना मिळून एक किलोमीटरच्या परिघात सामाईक पाळणाघर चालवता येतं. एवढ्या परिघात इतवारीतली किती दुकानं येतील, हे इथल्या व्यापाऱ्यांना सांगायला नको.

आणि पाळणाघरांच्या तपासणीचं काय? अंगणवाडीवर निदान मुख्यसेविका आणि बालविकास प्रकल्प अधिकारी असतात. घरगुती पाळणाघरावर असं नेमकं कुणी नाही. केंद्राने 2018 मध्ये जागा, सुरक्षितता, सेविकांचं प्रमाण यांचे किमान निकष दिले, पण ती मार्गदर्शक तत्त्वंच. खारघरच्या पाळणाघरात 2016 मध्ये तान्ह्या मुलीला झालेली मारहाण उघडकीस आली ती सीसीटीव्हीमुळे, कुठल्या निरीक्षकामुळे नव्हे.