गिगाहर्ट्झची शर्यत आणि प्रोसेसरची खरी गती

संगणकाच्या जाहिरातीत प्रोसेसरचा वेग आजही गिगाहर्ट्झमध्ये ठळकपणे छापला जातो. आकडा मोठा असेल तर संगणक वेगवान, अशी अनेक ग्राहकांची समजूत असते. ही समजूत अपुरी असल्याचे इंटेल आणि एएमडी या दोन अमेरिकी कंपन्यांमधील स्पर्धेनेच दाखवून दिले आहे.

प्रोसेसरमधील क्रिया एका अंतर्गत घड्याळाच्या स्पंदनांबरोबर घडतात. एक गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला १०० कोटी स्पंदने. मात्र प्रत्यक्ष काम किती होईल, हे स्पंदनांची संख्या आणि प्रत्येक स्पंदनात पूर्ण होणाऱ्या सूचना यांच्या गुणाकारावर ठरते. जाहिरातीत यांपैकी पहिलीच बाब दिसते.

६ मार्च २००० रोजी एएमडीने एक गिगाहर्ट्झचा ॲथलॉन प्रोसेसर जाहीर केला. दोनच दिवसांनी इंटेलने त्याच वेगाचा पेंटियम ३ आणला. त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये आलेल्या पेंटियम ४ ने १.५ गिगाहर्ट्झपर्यंत मजल मारली. त्यासाठी प्रत्येक सूचनेचे काम २० लहान टप्प्यांत विभागण्यात आले होते. पेंटियम ३ मध्ये हे टप्पे सुमारे निम्मे होते. टप्पे लहान असले की घड्याळ जलद चालवता येते. परंतु पुढील सूचनांचा अंदाज बांधून प्रोसेसर काम आधीच सुरू करतो. तो अंदाज चुकल्यास रांगेतील काम टाकून द्यावे लागते आणि रांग जितकी लांब, तितका तोटा अधिक. त्यामुळे सुरुवातीचा पेंटियम ४ काही कामांत कमी गिगाहर्ट्झच्या ॲथलॉनच्याही मागे पडला.

२००१ मध्ये एएमडीने १.५३ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरला 'ॲथलॉन एक्सपी १८००+' असे नाव देऊन वेगाऐवजी कामगिरीवर भर दिला. अर्थात, हा आकडाही उत्पादकानेच ठरवलेला होता.

या प्रश्नाचा संबंध सार्वजनिक पैशाशीही आला. संगणक खरेदीच्या सरकारी निविदांमध्ये इंटेलचे नाव किंवा ठरावीक गिगाहर्ट्झची अट घातल्याबद्दल युरोपीय आयोगाने २००४ मध्ये काही सदस्य देशांकडे विचारणा केली. केवळ घड्याळाच्या वेगावरून कामगिरी ठरत नाही, अशी आयोगाची भूमिका होती.

अखेर ही शर्यत उष्णतेने रोखली. घड्याळ जलद करण्यासाठी सहसा विद्युतदाब वाढवावा लागतो आणि विजेचा वापर त्या दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ही वीज शेवटी उष्णतेत रूपांतरित होते. ऑक्टोबर २००४ मध्ये इंटेलने चार गिगाहर्ट्झच्या पेंटियम ४ ची योजना रद्द केली. २००५ मध्ये दोन्ही कंपन्यांनी घरगुती संगणकांसाठी दोन गाभ्यांचे प्रोसेसर बाजारात आणले. २००६ मध्ये आलेल्या इंटेलच्याच कोअर २ ड्युओने तीन गिगाहर्ट्झपेक्षा कमी वेगात ३.८ गिगाहर्ट्झच्या पेंटियम ४ ला मागे टाकले.

त्यामुळे एकाच कंपनीच्या, एकाच पिढीतील प्रोसेसरांची तुलना करताना गिगाहर्ट्झचा आकडा काही प्रमाणात उपयोगी पडतो. रचना बदलली की तो फसवा ठरू शकतो. घरासाठी वा शाळेसाठी संगणक घेताना गाभ्यांची संख्या, प्रोसेसरची पिढी, विजेचा वापर आणि आपल्याला हव्या त्या कामातील स्वतंत्र चाचण्यांचे निकाल पाहणे अधिक हिताचे ठरते.